आधी हे सांगा, कळणार कोणाला?

(जागतिक एड्स दिनानिमित्त वाशी येथे भरलेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यात आपल्या आरोग्यकार्यातील एका समुपदेशक भगिनीने केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मागच्या मेळाव्यात चहाच्या वेळी तुमच्यापैकी तिघाचौघांनी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता. एचआयव्हीची चाचणी फुकट, औषध फुकट, आपली गाडी थेट वाडीपर्यंत जाते, मग लोक चाचणीला पुढे का येत नाहीत? एक काका म्हणाले, "अडाणीपणा, दुसरं काय!" तेव्हा चहा संपत आला होता आणि पनवेलची गाडी पकडायची होती, म्हणून मी काही बोलले नाही. आज वेळ मिळाला आहे, तर बोलते.

वाडीवरचा माणूस मला चाचणीबद्दल फारसं काही विचारत नाही. सुई किती टोचणार, रक्त किती काढणार, हे एका वाक्यात संपतं. मग तो थोडा थांबतो, इकडेतिकडे बघतो आणि विचारतो, "बाई, हे कळणार कोणाला?" चौदा वर्षं मी हे काम करते आहे. याच्याइतका शहाणपणाचा प्रश्न मला शिकल्यासवरल्या माणसांनीही फार वेळा विचारलेला नाही. त्याला खरं उत्तर मिळालं तर तो बाही वर करतो. मी अडखळले तर "पुढच्या वेळी बघू" म्हणतो, आणि ती पुढची वेळ येत नाही.

आदिवासी वाड्यांवर एचआयव्ही जास्त आहे म्हणून मी हे सांगते आहे, असं कृपया कोणी समजू नका. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्राची आहे. त्यात शहरातले, गावातले, सोसायटीतले, चाळीतले सगळे आले. यांतल्या अंदाजे पाचांतल्या एकाला आपल्याला लागण झाली आहे हे माहीतच नाही. आपला कातकरी, ठाकूर बांधव पावसाळा संपला की वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर सहा-सहा महिने घर सोडून जातो. तो आजारी पडून येतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. उशीर होऊ नये, एवढ्यासाठीच चाचणी.

आणि आज चाचणीचा खरोखर उपयोग आहे. सरकारी एआरटी औषध २००४ पासून मोफत मिळतं. २०१७ पासून धोरण असं आहे की चाचणी पॉझिटिव्ह आली की थांबायचं नाही, औषध सुरू करायचं. रोज गोळी घेणारा माणूस कामधंदा करतो, संसार करतो. औषधाने रक्तातला विषाणू सापडेनासा झाला की त्याच्याकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. गरोदर बाईला उपचार नसतील तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. उपचार मिळाले तर हे प्रमाण पाचाच्या खाली येतं. एवढं सगळं हाताशी असताना माणूस दाराशी येऊन मागे फिरतो, तेव्हा अडचण औषधात नसते.

आता थोडं जुनं सांगते. आपल्यातल्या गोव्याकडच्या मंडळींना हे आठवत असेल.

१९८९ चा फेब्रुवारी. गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण होता. नियमित रक्तदान करणारा. दिलेल्या रक्ताच्या तपासणीत त्याला एचआयव्ही असल्याचं आढळलं. हे त्याला कोणी बसवून, पाणी देऊन, शांतपणे सांगितलं नाही. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात थोडं आधीच एक दुरुस्ती झाली होती आणि तिच्यानुसार अशा माणसाला वेगळं ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला होता. म्हणून अहवाल त्याच्या हातात पडण्याआधी सरकारदरबारी गेला आणि निरोप आला तो पोलीस ठाण्यातून. आपल्याला का बोलावलं आहे हेही त्याला माहीत नव्हतं. तिथून त्याची रवानगी क्षयरोग्यांच्या एका जुन्या इमारतीत झाली. एकटा, बाहेर पहारा. असे ६४ दिवस.

त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात दाद मागितली. डॉमिनिक सुटला. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात निकाल लागला तेव्हा न्यायालयाने कायदा मात्र उचलून धरला. एका माणसाच्या स्वातंत्र्यापेक्षा समाजाचं हित मोठं, असा त्याचा आशय. डॉमिनिक १९९२ मध्ये मुंबईत वारला. जाण्याआधी त्याने सोबत्यांना घेऊन 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली.

हे कशासाठी सांगितलं? त्या आठवड्यात म्हापशात राहणाऱ्या एखाद्या तरुणाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मनात शंका आहे, रात्री झोप नाही. आणि पेपरात वाचलं की रक्त दिलं, तपासलं आणि पोलीस आले. तो चाचणीला जाईल का? जाणार नाही. दुसरीकडे कुठे जाईल, खोटं नाव देईल, नाहीतर गप्प राहील. समाजाच्या हितासाठी केलेल्या नियमाने समाजाचं हित किती साधलं, ते तुम्हीच ठरवा. त्याच वर्षी राज्यसभेत एड्स प्रतिबंधाचं एक विधेयकही मांडलं गेलं होतं. त्यातही सक्ती आणि वर कळवणं यांवरच भर होता. त्याला इतका विरोध झाला की १९९२ मध्ये ते मागे घेतलं गेलं. बरं झालं.

पुढची गोष्ट आपल्या मुंबईची. एका सरकारी कंपनीत रोजंदारीवर काम करणाऱ्या मजुराला कायम करायच्या आधी त्याची तपासणी झाली. एचआयव्ही निघाला आणि काम गेलं. अंगात ताकद होती, काम करू शकत होता, तरी गेलं. न्यायालयात जायचं तर अर्जावर नाव घालावं लागणार. नाव घातलं की पेपरात येणार, आणि वस्तीत बायकोला पाणी भरायला जाणंही मुश्कील होणार. तेव्हा त्याच्या वकिलांनी आधी नाव झाकण्याचीच परवानगी मागितली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती दिली. तो खटला आजही 'एमएक्स' विरुद्ध 'झेडवाय' म्हणूनच ओळखला जातो. १९९७ मध्ये निकाल लागला. माणूस काम करायला सक्षम असेल आणि इतरांना धोका नसेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याचं काम काढून घेता येणार नाही. मला यात निकालाइतकीच ती दोन अक्षरं महत्त्वाची वाटतात. ती मिळाली नसती तर हा मजूर न्यायालयाची पायरी चढलाच नसता आणि तो निकालही झाला नसता.

आता सध्याचा कायदा. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. सगळा सांगत बसत नाही, आपल्या कामाचं तेवढं सांगते. माणसाच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. नोकरी, शिक्षण किंवा उपचार हवे असतील तर आधी एचआयव्हीची चाचणी करून आण, अशी अट घालता येत नाही. न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय कोणालाही स्वतःची एचआयव्ही स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. आणि, हे नीट ऐका, एखाद्याने विश्वासाने सांगितलेली दुसऱ्याची अशी माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायलाही मनाई आहे. हे फक्त डॉक्टर-नर्सपुरतं नाही. विश्वासाच्या नात्यात ज्याच्या कानावर ती गोष्ट आली, त्या प्रत्येकाला लागू आहे. पाळक, संस्थेचा सेवक, वसतिगृहाच्या बाई, आणि मीसुद्धा.

इथे कोणीतरी विचारणारच, "मग नवऱ्याला आहे आणि बायकोला माहीतच नाही, हे चालेल का?" नाही चालणार. कायद्यात त्याचीही वाट आहे. आधी आम्ही त्या माणसाला समजावतो, सांगायला मदत करतो, बरोबर बसतो. बहुतेक वेळा तिथेच काम होतं. तो सांगणारच नाही अशी खात्री झाली आणि जोडीदाराला खरा धोका असेल, तर त्याला आधी कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला समक्ष सांगू शकतात. पण पॉझिटिव्ह आलेली व्यक्ती बाई असेल आणि कळल्यावर तिला मारतील, घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर सांगायचं नाही, असंही कायद्यात लिहिलेलं आहे. ज्यांनी हे कलम लिहिलं त्यांनी आपल्या घरांचं दार उघडून आत पाहिलं असावं.

म्हणजे कागदावर सगळं ठीक आहे. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात, ज्याला आम्ही आयसीटीसी म्हणतो, तिथे आधी समुपदेशन होतं, मग रक्त. पहिल्या चाचणीत काही निघालं तर आणखी दोन वेगळ्या पद्धतींनी खात्री करतात. नमुन्यावर नावाऐवजी क्रमांक असतो. निकाल बंद दाराआड, त्या माणसालाच. नोंद सरकारी व्यवस्थेत जाते, औषध चालू राहावं म्हणून. पोलीस पाटलाकडे जात नाही, ग्रामपंचायतीकडे जात नाही.

पण वाडीवर कायदा चालत पोचतो आणि बातमी धावत. चाळीस घरांच्या वाडीत कोणाकडे कोणत्या वेळी चूल पेटली हेही शेजारच्याला ठाऊक असतं. आशाताई तिथलीच, कोणाची जाऊ, कोणाची नणंद. ती तोंड उघडत नाही हो, बहुतेक आशाताई खरंच जपतात. पण ती एखाद्या घरी महिन्यात तीनदा गेली की लोक मोजतात. रुग्णालयातल्या त्या खोलीच्या दारावर लाल फितीचं चित्र असतं. तिथे बाकावर बसलेली बाई गावातल्या कोणी पाहिली की निकालाची वाट कोण बघतंय! गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल घरी जायच्या आधी स्टेशनवरच सोलून टाकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. काही जणी गोळ्या मशेरीच्या डबीत ओततात. जवळचं केंद्र सोडून दोन गाड्या बदलून मुंबईला जाणारी माणसं आहेत. एक दिवसाची मजुरी बुडते, भाडं जातं, तरी जातात, कारण तिथे ओळखीचं कोणी भेटत नाही. त्यांना अडाणी म्हणायचं माझ्याच्याने होत नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट सांगते. आपण ज्याला मदत म्हणतो तीच कधीकधी नाव फोडते. एसटीत एचआयव्हीबाधित रुग्णांना प्रवास सवलत आहे, चांगलीच गोष्ट आहे. पण ती घ्यायची तर भरल्या गाडीत कंडक्टरच्या हातात कागद द्यायचा, आणि कंडक्टर असतो बाजूच्या गावचा. संजय गांधी निराधार योजनेतून अनुदान मिळू शकतं. त्यासाठी तलाठ्याकडून दाखले, डॉक्टरचं प्रमाणपत्र, मग तहसील, मग मंजुरीची यादी. किती टेबलं झाली? एक विधवा ताई मला म्हणाली, "बाई, पैसा महिन्याला येल, नाव एकदाच जाल." तिने अर्ज केला नाही. मी तिला आग्रह केला नाही. तिचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता.

टीबीचं वेगळं आहे आणि त्याने घोळ होतो. टीबी २०१२ पासून नोंद करायचा आजार आहे. खासगी डॉक्टरनेही रुग्णाचं नाव-पत्ता सरकारला कळवायचं असतं, मग कर्मचारी घरी येतात, घरातल्यांची तपासणी करतात, पोषणाचे पैसे खात्यात येतात. टीबी हवेतून पसरतो, म्हणून ते बरोबरच आहे. आता प्रत्येक टीबी रुग्णाला एचआयव्हीची चाचणीही सुचवली जाते, कारण दोन्ही आजार अनेकदा जोडीने येतात. वाडीवरच्या माणसाने मागच्या वर्षी बघितलेलं असतं की शेजाऱ्याचा खोकला तपासला आणि आठ दिवसांत सरकारी माणूस दारात उभा. मग त्याला का वाटू नये की या रक्ताच्या मागेही कोणी दारात येणार? दोन आजार, दोन कायदे, पण ते त्याला कोण समजावून सांगतं? आम्हीच सांगायला हवं, आणि खोकल्याचा डबा हातात देतानाच सांगायला हवं.

यापुढचं बोलणं मला सोपं जात नाही. पण सांगायला हवं.

आपल्या वाड्यांवर मुलींची लग्नं लवकर होतात. सोळा, सतरा. ते होऊ नये म्हणून आपली संस्था किती वर्षं झटते आहे हे तुम्हाला माहीत आहे, आणि वसतिगृहात राहून शिकलेल्या मुलींचं लग्न पुढे गेलेलं आपण पाहिलंही आहे. पण अजून होतात. अशी सतरा वर्षांची मुलगी गरोदर होऊन दवाखान्यात गेली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे दवाखान्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. कायद्याचा हेतू मुलींना अत्याचारापासून वाचवण्याचा आहे आणि त्याची गरज कोणी नाकारू नये. पण वाडीवर काय होतं ते बघा. एका घरातला मुलगा तुरुंगात गेला की बाजूच्या पाच वाड्यांवरच्या मुली दवाखान्यात जायच्या बंद होतात. जातात त्या वय एकोणीस सांगतात. बाकीच्यांची बाळंतपणं घरीच, सुईणीच्या हातून. आता आठवा, गरोदर बाईची एचआयव्हीची चाचणी कुठे होते? त्याच तपासणीत. म्हणजे ज्या नियमाचा एचआयव्हीशी काही संबंध नाही, त्याने एचआयव्हीची चाचणी चुकली. हिमोग्लोबीनही चुकलं, धनुर्वाताचं इंजेक्शनही चुकलं.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये गर्भपाताच्या एका निकालात यातून थोडी वाट काढली. अल्पवयीन मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असं सांगितलं. कळवायचंही आणि नावही जपायचं. पण ते गर्भपातापुरतं आहे. जिला बाळ हवं आहे तिच्यासाठी अशी वाट असावी असं मला वाटतं. आमचे सेवक कायदा मोडायला कोणाला सांगत नाहीत, मोडतही नाहीत. मात्र मुलगी पहिल्यांदा भेटते तेव्हाच, काय कळवावं लागेल आणि काय नाही, हे आम्ही तिला आणि तिच्या आईला आधी सांगतो. फसवून आणलेली मुलगी पुन्हा येत नाही, आणि तिच्या बहिणीही येत नाहीत.

आता आपल्याकडे येते. काही वडीलजनांनी मध्यंतरी सुचवलं होतं की मंडळीत लग्नाच्या घोषणा करायच्या आधी वधूवरांचा एचआयव्ही अहवाल मागावा. हेतू चांगला आहे, मुलीच्या बापाच्या काळजीतून आलेला आहे. गोव्यातही २००६ मध्ये सरकारने लग्नाआधी अशी चाचणी सक्तीची करण्याचा विचार जाहीर केला होता. पण हा प्रयोग अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९८८ मध्ये प्रत्यक्ष होऊन गेला आहे. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे ७०,८०० अर्जदारांची चाचणी झाली. पॉझिटिव्ह किती निघाले? आठ. आणि लग्नाचे परवाने एकपंचमांशाहून जास्त घटले. लग्नं थांबली नव्हती. जोडपी शेजारच्या राज्यात जाऊन लग्न करून येत होती. पुढच्याच वर्षी कायदा रद्द झाला.

याच देशातल्या ओरेगॉन राज्यात उलटा अनुभव आला. १९८६ च्या अखेरीस तिथे नाव न देता चाचणी करून घेण्याची सोय झाली, आणि चाचणी मागणाऱ्यांची संख्या एकूण दीडपट झाली. ज्यांना सर्वांत जास्त धोका होता त्या पुरुषांमध्ये ती दुपटीच्याही वर गेली. प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते. पुढे नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या काही राज्यांनी पॉझिटिव्ह माणसाचं नाव आरोग्य खात्याला कळवण्याचा नियम केला, तेव्हा एकूण चाचण्या फारशा घटल्या नाहीत. मी त्यातून असं समजते की खात्याच्या कपाटातल्या फायलीला माणूस तितका भीत नाही, जर ती कपाटातच राहील याचा त्याला भरवसा असेल. तो भितो शेजाऱ्याला, सासरच्यांना, मालकाला. आणि, क्षमा करा, कधीकधी मंडळीला.

आपला व्हॉट्सॲपवरचा प्रार्थना गट आहे. त्यात दोनशेच्या वर माणसं आहेत. मागे एका गटात, आपल्या नव्हे, एका भावाचं नाव, गाव आणि आजार लिहून प्रार्थनेची विनंती आली. लिहिणाऱ्या ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं, यात मला शंका नाही. संध्याकाळपर्यंत ते त्याच्या गावात पोचलं. तो भाऊ औषधाला यायचा थांबला, पुन्हा सुरू व्हायला सात महिने गेले. देवाला नाव माहीत आहे. गटात नाव टाकल्याशिवाय प्रार्थना ऐकली जात नाही असं आपल्याला कोणी शिकवलेलं नाही.

मार्काच्या पहिल्या अध्यायातला कुष्ठरोगी आठवा. प्रभूने त्याला बरं केलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. याजकाकडे जाऊन स्वतःला दाखव, आणि बाकी कोणालाही काही सांगू नकोस. तेव्हा याजकच कुष्ठाची तपासणी करायचा, आजच्या भाषेत ते आरोग्य खातं. तिथे नोंद व्हायलाच हवी होती, त्याशिवाय त्याला गावात परत घेतलं नसतं. बाकीच्यांना कळायची गरज नव्हती. पुढे तो माणूस स्वतःच सगळीकडे सांगत सुटला हे खरं, पण ते त्याचं तोंड होतं.

आता आपलं त्रैमासिक. मला माहीत आहे, तुम्ही अंक उघडता तेव्हा आधी फोटो बघता, मीही तेच करते. देणगी देणाऱ्याला आपला पैसा कुठे पोचला हे बघावंसं वाटतं, त्यात गैर काही नाही. शाळेच्या मुलांचे, बोअरवेलचे, शिवणवर्गाचे फोटो येत राहतील. पण एचआयव्हीच्या कामाचा एकही चेहरा तुम्हाला दिसणार नाही. पाठमोरा नाही, डोळ्यांवर काळी पट्टी लावलेलाही नाही. त्या काळ्या पट्टीने कोणाला फसवलंय आजवर? साडी ओळखू येते, अंगण ओळखू येतं. साक्षही नाव बदलून छापणार नाही. "कर्जत तालुक्यातल्या एका वाडीवरची, नवरा वीटभट्टीवर वारलेली, दोन मुलांची आई", एवढं लिहिलं की नाव लिहायची गरजच काय? वाडी तिला ओळखते.

आकड्यांचंही तसंच. अहवालात "अमुक वाडीत चाचण्या ३८, पॉझिटिव्ह १" असं लिहून आलं तर ते पाठवणाऱ्या हिशेबनिसाला तो नुसता आकडा दिसतो. वाडीतले बाकीचे ३७ जण मात्र एकमेकांना विचारत बसतात, आणि दोन दिवसांत उत्तर काढतात. म्हणून यापुढे आपल्या अहवालात किती चाचण्या झाल्या एवढंच येईल, तेही तालुकावार. किती पॉझिटिव्ह निघाले हे तुम्हाला कळणार नाही. एका देणगीदार बंधूंनी कळवलं आहे की परिणाम दिसत नसेल तर पुढच्या वर्षीचा विचार करावा लागेल. त्यांचा राग मला समजतो. त्यांनी वाशीला येऊन आमच्या कामाच्या पद्धती, खरेदीची बिलं, गाडीचं लॉगबुक सगळं पाहावं. यादी मात्र नाही, ती मी आमच्या संचालकांनाही दाखवत नाही.

जानेवारीत आपण खालापूर आणि कर्जतच्या वाड्यांवर चार शिबिरं घेतो आहोत. ती एचआयव्ही शिबिरं नाहीत. बॅनरवर फक्त 'आरोग्य तपासणी' असेल. हिमोग्लोबीन, साखर, रक्तदाब, टीबी आणि एचआयव्ही, सगळ्यांना सगळं एकाच रांगेत. ज्याला एचआयव्हीची चाचणी नको असेल तो समुपदेशनाच्या खोलीत 'नको' म्हणून बाहेर येईल, आणि बाहेरच्या कोणाला कळणार नाही की त्याने काय म्हटलं. प्रत्येक माणूस त्या खोलीत सारखाच वेळ बसेल, ही अट मी घातली आहे. निकाल लवकर मिळाला आणि उरलेला वेळ आम्ही त्याच्याशी भाताच्या दराबद्दल बोललो तरी चालेल. सरकारी केंद्राचे तंत्रज्ञ आणि समुपदेशक बरोबर असतील, पुढची चाचणी आणि औषध त्यांच्याकडेच आहे. पोषणाची पाकिटं घरोघरी वाटायची नाहीत. आलेल्या प्रत्येकाला एक पिशवी मिळेल, सगळ्या पिशव्या एकाच रंगाच्या. फोन बाहेर टोपलीत ठेवायचे, स्वयंसेवकांचेही. माझासुद्धा.

ज्याला औषध सुरू करायचं आहे त्याने कोणत्या केंद्रात जायचं हे तो ठरवेल. लांबचं निवडलं तर गाडीभाडं आपण देऊ, पावतीवर 'प्रवास' एवढंच लिहू. यासाठी वेगळा निधी लागेल आणि दरवर्षी लागेल. आणि तुमच्या ओळखीत कोणाला काही विचारायचं असेल, तर १०९७ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे. आपलं नाव न सांगता विचारता येतं.

शिबिराच्या दिवशी दीडशे-दोनशे माणसांचं जेवण आहे. भात, आमटी आणि वालाची भाजी. कांदे चिरायला, पानं वाढायला आणि मोठी भांडी घासायला मदत हवी आहे. त्यांची नावं मात्र रविवारच्या उपासनेनंतर माझ्याकडे नक्की द्या, ती मी सगळ्यांना वाचून दाखवीन.